स्टिकरवरचा 3 म्हणजे तीन टक्के नव्हे

एकाने विचारलं की जपानी सुपरमार्केटात डब्यावर '3' असलेलं स्टिकर म्हणजे 3 टक्के सूट का. नाही, 30! आकड्यापुढचं अक्षर 'वारी', म्हणजे दहावा हिस्सा. निम्म्या किमतीच्या स्टिकरवर बहुधा आकडाच नसतो, 'हांगाकु' लिहिलेलं असतं: पहिल्या अक्षरात दोन आडव्या रेघांतून जाणारी एक उभी रेघ आणि डोक्यावर दोन तिरके फटकारे. एवढं ओळखता आलं तरी पुरे. सुशी, बेंतो (डब्यात भरलेलं तयार जेवण), तळलेले पदार्थ यांवर संध्याकाळी आधी 20-30 टक्के सूट, दुकान बंद व्हायच्या सुमारास निम्मे. पण तोवर चांगला माल उरेलच असं नाही, म्हणून 30 टक्क्यांवर उचललेलं बरं.

चीनमध्ये याच आकड्याचा हिशेब उलटा. '8 झ' म्हणजे किमतीच्या 80 टक्के द्यायचे, सूट फक्त 20. तिथे आकडा लहान तितका फायदा मोठा.

जपानात किमतीच्या पट्टीवरचा ठळक आकडा बरेचदा कर वगळून असतो, करासकटचा खाली बारीक अक्षरांत. पर्यटकांच्या करमाफीसाठी एका दुकानात एका दिवसात कर वगळून किमान 5,000 येनची खरेदी लागते, पासपोर्टही. 1 नोव्हेंबर 2026 पासून कर आधी भरायचा, परतावा विमानतळावर कस्टम्सच्या तपासणीनंतर. म्हणून वस्तू चेक-इनच्या बॅगेत आधीच टाकून मोकळे होऊ नका.