मदत हवी आहे : दोन महिन्यांच्या प्रकल्पात जखमेचा पाठपुरावा कसा बसवायचा?

नाशिकमधल्या एका एमबीबीएस विद्यार्थिनीच्या स्वतंत्र प्रकल्पाचं मार्गदर्शन करतोय. विषय तिचाच: हर्नियाच्या शस्त्रक्रियेनंतरचा जखमेचा संसर्ग. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) एसटीएस या विद्यार्थी-संशोधन योजनेसारखा दोन महिन्यांचा आराखडा धरलाय.

अडचण मोजमापात आहे. संसर्गाचं प्रमाण (p) 10 टक्के आणि अंदाजातली चूक (d) 5 टक्के धरली तर 4pq/d² या सूत्रानुसार (q म्हणजे 100 − p) 144 रुग्ण लागतात, मधेच सुटणारे धरून 160. वरवरच्या संसर्गासाठी 30 दिवस पाहावं लागतं, हर्नियाच्या जागी कृत्रिम जाळी बसवली असेल तर खोल संसर्गासाठी 90. म्हणजे 60 दिवसांच्या प्रकल्पात तिसाव्या दिवसानंतर नवा रुग्ण घेताच येत नाही. त्यात सुरगाणा, पेठकडचे रुग्ण टाके काढले की परत येत नाहीत, द्राक्षाच्या हंगामात तर नाहीच. न आलेल्यांना 'संसर्ग नाही' धरलं की निकालच खोटा ठरतो.

म्हणून प्रश्न बदलायचा विचार आहे: सातव्या दिवशी दोन निरीक्षकांनी एकमेकांना न विचारता तीच जखम तपासायची आणि 'कापा' (kappa, योगायोगानं जुळणारं वगळून दोघांचं एकमत किती ते सांगणारा आकडा) काढायचा. पण संसर्ग कमी असेल तर जवळजवळ सगळीकडे एकमत असूनही कापा खाली येतो. इथे कापासोबत फक्त एकमताची टक्केवारी देणं पुरेल का?

दुसरं, घरून मोबाइलवर मागवलेले जखमेचे फोटो कुणी नीतिसमितीकडून (संशोधनाला मंजुरी देणारी संस्थेची समिती) मंजूर करून घेतलेत का? फोटोसाठी वेगळं मराठी संमतिपत्र केलंत का? चेहरा, अंगावरचं गोंदण टाळण्याच्या सूचना नातेवाइकांना कशा दिल्या? नमुना मिळाला तर फार उपयोग होईल. विश्लेषण तिनंच करायचंय, त्यामुळे आयतं उत्तर नको, वाट दाखवा.