मदत हवी आहे : दत्तक मुलीच्या प्रश्नाला काय उत्तर द्यावे?

सर्वांना प्रभूमध्ये सलाम.

ऐरोलीतील आमच्या मंडळीत (चर्चमध्ये) मी रविवारच्या शाळेत शिकवते. वर्गातील एका दत्तक मुलीने चित्र रंगवता रंगवता विचारले, "टीचर, देवाला मी हवी होते, तर आईला का नको होते?"

आईबापांनी सोडले तरी परमेश्वर जवळ घेतो, हे बायबलमधील स्तोत्र 27:10 चे वचन आणि आई तान्ह्या बाळाला विसरली तरी देव विसरणार नाही, हे यशया 49:15 मधील आश्वासन मोठ्यांना धीर देते. पण एवढ्या लहान मुलीला त्यातले "सोडले" एवढेच ऐकू येईल, अशी मला धास्ती वाटते. मोशेची गोष्ट त्या मानाने बरी, कारण त्याच्या आईने त्याला तीन महिने लपवले, मग डांबर लावलेल्या पेटीत घालून नदीकाठच्या लव्हाळ्यांत ठेवले, ते मिसरचा राजा फारो याच्या इब्री मुलगे मारण्याच्या हुकुमातून जीव वाचावा म्हणूनच, आणि फारोच्याच मुलीने त्याला आपला मुलगा मानले. मात्र या मुलीच्या जन्मदात्रीविषयी कोणालाच काही ठाऊक नसताना "तिचाही नाइलाज होता" असे ठामपणे सांगणे मला पटत नाही. (बाकीची मुले कान टवकारून बसलेली असतात, ते वेगळेच.)

इफिस 1:5 प्रमाणे आपण सगळेच देवाची दत्तक लेकरे आहोत, हे पूर्ण वर्गाला शिकवावे, की आधी तिच्या आईवडिलांशी बोलावे? ठाणे-नवी मुंबईतील पाळकांनी आणि विशेषतः दत्तक मुलांच्या पालकांनी, घरी हा विषय कोणत्या शब्दांत काढला, ते कृपया कळवावे.