‘पीसीला मदरबोर्ड कोणताही चालतो’ म्हणणाऱ्यांनी मे महिन्यात नागपुरात येऊन दाखवावं

तर्रीबाज
काल बारावीचाबाप यांनी मुलासाठी गेमिंग पीसीचं विचारलं, त्यावर सेकंडहँडसम्राट यांनी ठणकावलं: "सगळा पैसा ग्राफिक्स कार्डात टाका. प्रोसेसर सहा कोअरचा मिळेल तो. मदरबोर्ड म्हणजे नुसता डबा, सगळ्यात स्वस्त उचला." खाली सगळ्यांनी माना डोलावल्या. मी रात्री दोनदा उत्तर टाइप करून पुसलं. आता लिहितोच.

डबा काय? मग बी४५० सारख्या जुन्या बोर्डावर आरटीएक्स ४०६० ग्राफिक्स कार्ड लावून बघा. कार्डाला लेन (डेटा जायच्या वाटा) आठच, आणि बोर्ड पीसीआयई ३ चा, म्हणजे जुन्या, संथ जोडणीचा. कार्डाची मेमरी भरली की गेम अडखळणार. म्हणजे ज्या कार्डासाठी काटकसर केली, त्याचाच गळा डब्याने आवळला.

दुसरं व्हीआरएम, म्हणजे प्रोसेसरला वीज पुरवणारा बोर्डावरचा भाग. माझा मावसभाऊ मानेवाड्याला राहतो, वरचा मजला, थेट स्लॅबखालची खोली. बारा कोअरचा प्रोसेसर, बोर्ड मात्र दुकानातला सर्वांत स्वस्त, व्हीआरएमवर हीटसिंकच (उष्णता बाहेर टाकणारा धातूचा ठोकळा) नाही. जानेवारीत मख्खन. मे महिन्यात दुपारी गेम लावला की वीस मिनिटांत क्लॉक (प्रोसेसरचा वेग) निम्म्यावर, आणि प्रोसेसरचं तापमान दाखवतंय ७०! महिनाभर आम्ही प्रोसेसरवरची पेस्ट बदल, त्याचा कूलर बदल करत राहिलो. शेवटी झाकण काढून बाजूला टेबलफॅन लावला तर गाडी रुळावर. तापत होता बोर्ड. चार हजार वाचवले आणि उन्हाळाभर टेबलफॅन घामाने डबडबलेल्या माणसाऐवजी पीसीला हवा घालत होता.

तिसरं सॉकेट, म्हणजे बोर्डावर प्रोसेसर बसतो ती खाच. मी २०१९ ला बी४५० घेतला, त्यावर एएमडीचा रायझन २६०० प्रोसेसर. २०२४ मध्ये नवा बायोस (बोर्डाचं आतलं सॉफ्टवेअर) टाकून त्याच बोर्डावर गेमिंगसाठीचा ५७००एक्स३डी बसवला. रॅम तीच, कॅबिनेट तेच. बोर्ड विचार करून घेतला होता म्हणून जमलं.

सेकंडहँडसम्राट
भाऊ, वर बी४५० गळा आवळतो आणि खाली तोच पाच वर्षं पोसतो. आधी घरात ठरवून या.

मी सहा कोअर म्हटलं होतं, बारा नाही. रायझन ५६०० हा ६५ वॅटचा प्राणी आहे, त्याला साधा बोर्ड पुरतो. मावसभावाने डब्यात हत्ती कोंबला, त्याला मी काय करू? आणि एएम५, म्हणजे एएमडीचं नवं सॉकेट, घेतलं की नवी डीडीआर५ रॅम आलीच. २०२५ च्या शेवटी रॅमचे भाव कुठे गेले पाहिलं ना? एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी ओढून घेतली. मायक्रॉनने तर डिसेंबरात क्रुशल हा आपला रॅमचा ब्रँड गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. वापरलेला बी५५० बोर्ड, ५६०० आणि घरात पडलेली जुनी डीडीआर४ रॅम. विषय संपला.

बाकी २०२४ च्या मे मध्ये नागपुरात ५६ अंश झाले म्हणून बोंब झाली होती, नंतर सेन्सर बिघडलेला निघाला. मावसभावाचा बोर्ड त्याच सेन्सरने मोजला का?

तर्रीबाज
२०१३ च्या मे मध्ये ४७.९ झालं होतं, तो सेन्सर ठीक होता. आणि वापरलेल्या मालाचं तुम्ही बोलूच नका. मागच्या महिन्यात तुम्हीच कोणाला तरी इंटेलचा १४ व्या पिढीचा वापरलेला आय७ प्रोसेसर सुचवत होता. १३ व्या आणि १४ व्या पिढीत व्होल्टेज चढून चिप झिजते हे २०२४ मध्ये खुद्द इंटेलने मान्य केलं. ऑगस्टमध्ये बायोसमधून दुरुस्तीचा मायक्रोकोड आला, पण झिजलेली चिप त्याने भरून येत नाही. आधीच्या मालकाने बायोस टाकला होता की नाही, तुम्ही काय कुंडली बघणार?

पुण्यातला_नागपूरकर
एसी लावा ना. दोन दिवस वाद काय घालताय.

तर्रीबाज
पुण्याला गेलात आणि कूलर विसरलात. आमच्या घरी डेझर्ट कूलर आहे, त्यात खोली ३२ ला येते, तेवढं पुरतं.

जरीपटका_जॉयस्टिक
थांबा. कूलरच्या खोलीत पीसी?? माझा बोर्ड त्यानेच गेला. दोन उन्हाळे कूलरच्या हवेत होता, तिसऱ्या वर्षी पॉवर दाबली तर काहीच नाही. बर्डीवरच्या एका दुकानात नेला, त्याने उघडूनही न बघता "मॉइश्चर" म्हटलं आणि वॉरंटी नाकारली.

सावजी_रस्सा
काही होत नाही बाप्पा. सात वर्षं झाले, माहा पीसी कूलरच्या तोंडासमोरच आहे. दुकानदाराले वॉरंटी द्यायची नसली की मॉइश्चर आठवते.

पुण्यातला_नागपूरकर
सात वर्षं टिकला हे नशीब, शास्त्र नाही.

सावजी_रस्सा
आणि पुण्याची हवा खाऊन आलेलं ते शास्त्र का बे?

लॅबवाली
शास्त्र मी सांगते, मी तेच शिकवते. दव पडायला पृष्ठभाग हवेपेक्षा थंड लागतो. चालू पीसी हवेपेक्षा गरम असतो, त्यावर दव पडेलच कसं? मे मध्ये आपली हवा इतकी कोरडी असते की कूलरने ओल वाढली तरी ती बोर्डाला झेपते. उलट खोली जितकी उतरते, साधारण तितकीच चिपही उतरते. पण जुलैत दमट हवेत तोच कूलर थंड काही करत नाही, नुसती ओल भरतो.

जॉयस्टिक, तुमच्याकडे बोअरचं पाणी आहे का? पंप जोरात असला की बारीक थेंब उडतात. पाणी सुकतं, क्षार बोर्डावर राहतात. पांढरी पूड दिसली होती?

जरीपटका_जॉयस्टिक
बोअरच आहे. पूड होती. मी धूळ समजून फुंकर मारली.

लाईनमनकाका
एकतीस वर्षं लाईनवर काढली, म्हणून बोलतो. ओल, व्हीआरएम, सॉकेट, सगळं बोलून झालं. घरातलं अर्थिंग कोणी तपासलं? कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात अशा घरांत लोक लाखाची मशीन ठेवतात. मृगाच्या वादळात लाईट तीनदा जाते-येते. जाण्याने फार होत नाही, येण्याने होतं. जॉयस्टिक, बोर्ड गेला तो जूनमध्ये का?

जरीपटका_जॉयस्टिक
...हो काका. जूनच्या पहिल्या आठवड्यात.

सावजी_रस्सा
घ्या. दोन दिवस कूलरले फुकट शिव्या.

लॅबवाली
पूड होती हे विसरू नका. काकांचं बरोबर असेल म्हणून माझं चूक होत नाही.

बारावीचाबाप
मंडळी, प्रश्न माझा होता. मुलगा व्हॅलोरंट खेळतो, मॉनिटर १०८०पी, १४४ हर्ट्झ. घरात जुनं काहीच नाही, रॅमसुद्धा नाही. माझ्या डोक्याचा भुगा झालाय.

सेकंडहँडसम्राट
रॅमसुद्धा नाही हे परवा सांगायचं होतं. माझा अर्धा हिशेब घरात पडलेल्या डीडीआर४ वर होता. ती नव्याने विकत घेऊन मेलेल्या जुन्या सॉकेटवर टाकू नका. एएम५ चा रायझन ७६०० आणि हीटसिंकवाला बी६५० बोर्ड घ्या. त्या बोर्डावर पुढे एक्स३डी चढेल. तर्रीबाज, स्क्रीनशॉट काढा, फ्रेम करा, धरमपेठेत मिरवणूक काढा.

तर्रीबाज
काढला. आता दात-ओठ खाऊन माझंही लिहितो: त्या मॉनिटरवर व्हॅलोरंटला ५६०० सुद्धा भरपूर होतो. बजेट ताणलं जात असेल तर सम्राटांचं ऐका, पण बोर्ड बी५५०, आणि बिलासकट. बायोस फ्लॅशबॅकचं (प्रोसेसर न लावताच बायोस टाकायचं) बटण आहे का तेवढं बघा. नुसता बायोस टाकायचे पैसे घेणारे महाभाग आहेत.

लाईनमनकाका
आणि अर्थिंग.

बारावीचाबाप
बरं काका, उद्याच बघतो. आमच्याकडेही कूलरच आहे, बोअरच्याच पाण्याचा. पीसी कोणत्या बाजूला ठेवू?

सावजी_रस्सा
समोरच ठेवा.

लॅबवाली
अजिबात नाही. समोरच्या भिंतीला, हवेच्या झोतातून बाजूला, जमिनीपासून वर. आणि पंपाचा कॉक अर्धा बंद करा.

सावजी_रस्सा
मॅडम, कॉक अर्धा केला तर मे महिन्यात माणसं कशी झोपतील?