भाच्याच्या अ‍ॅपला आधीच काय अटी घालू?

लालबागची_सुगरण

नमस्कार मंडळी. मी लालबागला चाळीतल्या दोन खोल्यांत घरगुती ऑर्डरी घेते. संकष्टीला उकडीचे मोदक, होळीला पुरणपोळ्या, दिवाळीत फराळ. नऊ वर्षं झाली, त्यातली पाच एका मोठ्या अ‍ॅपवर. नाव घेत नाही, खातं अजून तिथेच आहे.

सुरुवातीला त्यांचा मुलगा घरी येऊन फोटो काढून गेला. मोदकावर गुलाबाच्या पाकळ्या टाकू का म्हणाला. म्हटलं, बाबा, तुपाची धार पुरे. तेव्हा कमिशन होतं १२ टक्के. कोणी 'मोदक' शोधलं की आसपासच्या आम्ही सात-आठ जणी दिसायचो, जी जवळची आणि जिचं नाव चांगलं ती वर. आता कमिशन २७ टक्के. म्हणजे ११ मोदकांच्या डब्यातले जवळजवळ ३ अ‍ॅपच्या पोटात. वर पहिल्या पाच जागा पैसे भरणाऱ्यांच्या, त्यातला एक फ्रीझरमधले चॉकलेट मोदक विकतो. गिऱ्हाईक खाली सरकत माझ्यापर्यंत पोचेस्तोवर चंद्रोदय होऊन जातो.

सोडत का नाही? गिऱ्हाइकांचे नंबर माझ्याकडे नाहीत म्हणून. माटुंग्याच्या एक आजी पाच वर्षं माझे मोदक मागवतात. मला ठाऊक काय, तर त्यांचं पहिलं नाव आणि 'सारणात वेलची कमी'. अ‍ॅप सुटलं की आजी सुटल्या.

आता भाचा आणि त्याचे दोन मित्र दादर ते शिवडी पट्ट्यातल्या आमच्यासारख्या बायकांसाठी अ‍ॅप काढतायत. मुलगा गुणी आहे. म्हणतो, "मावशी, आपण तसलं नाही करणार." फोटो काढणारा मुलगाही वाईट नव्हता हो. याच्याकडून कागदावर काय लिहून घेऊ?

ठाण्याचा_कोडवाला

ताई, तुम्ही सांगितलंत त्याला २०२२ मध्ये कोरी डॉक्टरो या कॅनडात जन्मलेल्या लेखकाने एक शिवराळ इंग्रजी शब्द काढला, इथे लिहीत नाही. त्याची मांडणी अशी: आधी गिऱ्हाइकाचे लाड करायचे. ते अडकलं की त्याच्या जिवावर विक्रेत्यांना ओढायचं. दोघंही अडकले की दोघांनाही पिळायचं. यात 'अडकले' हा शब्द महत्त्वाचा. ज्याला उठून जाता येतं त्याला कोणी पिळत नाही.

चांगल्या हेतूचं म्हणाल, तर गूगलच्या दोन संस्थापकांनी १९९८ च्या आपल्या शोधनिबंधात स्वतःच लिहिलं होतं की जाहिरातींवर चालणारं सर्च इंजिन जाहिरातदारांकडे झुकणार. दोन वर्षांत त्यांनी जाहिराती विकायला घेतल्या. तेव्हा गुणी भाच्यावर विसंबू नका.

मोबाइलचं आठवा. जानेवारी २०११ मध्ये नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची सोय देशभर झाली. त्याआधी नुसत्या नंबरापायी किती जण रडतखडत एकाच कंपनीकडे राहायचे! तुमची अट क्रमांक एक तीच. ज्या गिऱ्हाइकाने हो म्हटलं असेल त्याचा नंबर आणि तुमचे सगळे अभिप्राय, तुम्ही मागाल त्या दिवशी फाइलमध्ये मिळाले पाहिजेत. अ‍ॅप लहान आहे तोवरच हे करून घ्या. मोठं झाल्यावर कोणी करत नाही.

बोरिवली_स्लो

सगळं छान, पण पैसे कुठून येणार? सर्व्हर, ओटीपीचे एसएमएस, पेमेंटवाल्यांचा कट, तक्रारीचा फोन उचलणारं माणूस. भाचा लष्कराच्या भाकऱ्या किती दिवस भाजेल? दोन वर्षांनी कोणी गुंतवणूकदार येईल, त्याला दर तिमाहीला चढता आकडा हवा असेल. पट्ट्यातल्या बायका संपल्या की तो चढता आकडा तुमच्याच डब्यातून निघणार. स्वभावाचा प्रश्नच नाही इथे.

टक्केवारी नको, दरमहा ठरावीक रक्कम घ्या. बेंगळुरूच्या नम्मा यात्री या रिक्षा बोलवायच्या अ‍ॅपने रिक्षावाल्यांकडून भाड्यात वाटा न घेता ठरावीक शुल्क घ्यायला सुरुवात केली. तुम्ही जास्त विकलं म्हणून अ‍ॅपचा खर्च फारसा वाढत नाही, मग २७ टक्के कशाचे?

(फुकट ठेवतो म्हणाला तर आधी पळा.)

अर्धी_वकील

कोडवाल्यांचं बाहेर जायचं दार पटलं, पण दार उघडं असूनही बायका कंटाळा करतात. मालकीही हातात हवी.

दूर कशाला, गिरगावच बघा. लिज्जतची सुरुवात तिथेच १९५९ मध्ये सात बायकांनी गच्चीवर केली, ८० रुपये उसने घेऊन. आजही पापड लाटणारी बहीण ही नोकर नाही, संस्थेची सहमालक आहे. सॉफ्टवेअरचंही तसंच सहमालक होता येतं. महाराष्ट्राच्या १९६० च्या सहकारी कायद्यात संस्था काढायला वेगवेगळ्या कुटुंबांतले किमान दहा जण लागतात, आणि शेअर कितीही असोत, मत एकच. कमिशन वाढवायचं तर सभेत हात वर व्हायला हवेत. हो, सहकारी म्हणजे आपोआप स्वच्छ नव्हे. आमच्या हाउसिंग सोसायटीची सभा एकदा येऊन बघा. पण तिथे निदान ओरडता तरी येतं.

दुसरं, जाहिरात. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये तेरा फसव्या क्लृप्त्यांची यादी काढली. त्यात जाहिरात नेहमीच्या मजकुरासारखी दाखवणं आहे, बिलात गुपचूप वस्तू घुसवणं आहे, 'फक्त दोनच उरले' अशी खोटी घाई आहे. ती यादी जशीच्या तशी करारात टाका आणि त्यातलं काहीही करणार नाही असं लिहून घ्या. आत्ताच्या अ‍ॅपवर असलं काही दिसलं तर गिऱ्हाइकाला ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या नंबरावर तक्रार करता येते.

लालबागची_सुगरण

सगळ्यांचे आभार. काल भाच्याला बसवलं. यादी लगेच मान्य. महिन्याच्या रकमेवर थोडी घासाघीस झाली. तो ४०० म्हणाला, मी म्हटलं चातुर्मासात ४००, पौषात कोण मोदक मागवतं? शेवटी ज्या महिन्यात दहापेक्षा कमी ऑर्डरी, त्या महिन्यात काही नाही, असं ठरलं. बोरिवली, तुमचं वाचून दाखवलं, तो हसला पण कानकोंडा झाला. दोन गुंतवणूकदारांशी बोलणं आधीच झालंय म्हणे!

अडलं नंबरांवर. म्हणाला, "मावशी, नंबर दिले तर बायका गिऱ्हाइकं घेऊन थेट विकतील, आमच्याकडे कोण राहील?" मी म्हटलं, ज्या दिवशी तुझ्याकडे राहण्यात फायदा नसेल त्या दिवशी मी जायलाच हवं ना? रविवारी माझ्याकडे एकशे वीस मोदकांची ऑर्डर असते, मला पत्ते जुळवायला, पैसे आले का बघायला, पोरगं पाठवायला वेळ कुठे? ते करशील तर चारशे आनंदाने देईन. गप्प बसला. नाही म्हणाला नाही, पण हो सुद्धा म्हणाला नाही.

सहकारी संस्थेचं मला आवडलंय. मजल्यावरच्या चौघी आणि काळाचौकीच्या सहा तयार आहेत, दहा भरल्या. पण यातल्या दोघी सख्ख्या जावा आहेत, चूल वेगळी, रेशनकार्ड वेगळं. वेगवेगळ्या कुटुंबांतल्या म्हणून चालतील का? अर्धी_वकील, एवढं सांगाल का? उद्या संकष्टी आहे, पिठी मळायला घेतलीये. रात्री उशिरा वाचेन.