मदत हवी आहे: १९६९ च्या एअर-कूल्ड कार्मन घियात नागपूरच्या उन्हाळ्यात कोणतं इंजिन ऑइल टाकू?

घियावाला:
राजेहो, पोस्ट जरा लांबली आहे पण वाचून घ्या, कारण मी आता पार कन्फ्यूज झालो आहे. आमच्या मोठ्या बाबांची १९६९ ची फोक्सवॅगन कार्मन घिया आहे, १५०० सीसी. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, दिसायला एकदम स्पोर्ट्स कार पण आतून सगळी बीटल, तेच मागे बसवलेलं चार सिलिंडरचं एअर-कूल्ड इंजिन, रेडिएटर नाही, पाणी नाही, काही नाही. बरीच वर्षं उभी होती, मागच्या दिवाळीनंतर चालू करून घेतली आणि थंडीत रामटेकपर्यंत एक नंबर जाऊन आली.

आता एप्रिल लागला आणि भानगड सुरू झाली. वर्धा रोडवर रहाटे कॉलनीच्या सिग्नलला उभं राहिलं, इंजिन गरम असलं आणि आयडलला आलं की ऑइलचा दिवा लुकलुक करतो. थोडा अॅक्सिलेटर दिला की बंद. लेव्हल कमी नाही, उलट पट्टीवर वरच्या खुणेच्याही जरा वरच दिसून राहिली. सध्या आत काय आहे नक्की सांगता येत नाही, चालू करताना मिस्त्रीने त्याच्याकडचं लूज ऑइल टाकलं होतं.

ऑइल बदलायचं ठरवलं तर जितकी तोंडं तितकी मतं. मिस्त्री म्हणतो ट्रकचं डिझेलवालं १५डब्ल्यू-४० टाका, सगळ्यात दमदार. बर्डीवरचा दुकानदार म्हणतो एअर-कूल्ड आहे ना, मग बुलेटचं न्या. चुलतभाऊ म्हणतो फुल सिंथेटिक ५डब्ल्यू-४० शिवाय काही टाकू नको आणि वरून झिंकची बाटली ओत. त्याच्या पुण्याच्या मित्राने तर सांगितलं की तुम्ही लेव्हलच चुकीची बघता, इंजिन चालू ठेवून बघायची असते. नवतपा यायच्या आत काहीतरी ठरवायचं आहे, तेव्हा प्लीज ब्रँडची मारामारी न करता ग्रेड आणि कारण सांगा.

वऱ्हाडी_पिस्टन:
भाऊ गाडी भारी आहे, फोटो टाका ना.

ग्रेडचं सांगतो. २०डब्ल्यू-५०, साधं मिनरल, डोळे झाकून. कारण ऐका. आधीचा २०डब्ल्यू म्हणजे थंडीतलं वागणं, त्याची टेस्ट उणे १५ डिग्रीला होते, आणि आपल्याकडे डिसेंबरात पहाटे ८-१० डिग्री झालं तरी आपण शेकोट्या पेटवतो. म्हणजे नागपुरात ०डब्ल्यू, ५डब्ल्यूचे पैसे देऊन हाती काही लागत नाही. दुसरा आकडा महत्त्वाचा, तो १०० डिग्रीला ऑइल किती जाड राहतं ते सांगतो. ४० चं ऑइल तिथे १२.५ ते १६.३ सेंटिस्टोक्स (जाडी मोजायचं एकक) असतं, ५० चं १६.३ पासून २१.९ पर्यंत. तुमच्या इंजिनात ऑइल फक्त अडीच लिटर आणि तेच अर्धं कूलिंगचं काम करतं, बाहेर ४५ डिग्री असताना ते पाण्यासारखं होणारच, म्हणून ५०.

डिझेल ऑइल वाईट नाही, मिस्त्री अगदीच हवेत बोलत नाही. सीआय-४ प्लस (डिझेल ऑइलचा एक दर्जा) वाल्यात झीज रोखणारं झिंक-फॉस्फरस चांगलं असतं. पण त्यात डिटर्जंटही तगडं असतं, आणि वर्षानुवर्षं उभ्या गाडीच्या चेंबरमध्ये (इंजिनाच्या तळाशी, जिथे ऑइल साठतं) जो गाळ बसलाय तो सुटून फिरायला लागला तर तुमच्या इंजिनाला ऑइल फिल्टरच नाही! खाली फक्त एक जाळी आहे, ती मोठा कचरा अडवते, बारीक नाही. म्हणूनच ऑइल लवकर बदलायचं. कंपनीचं गणित ५००० किलोमीटरचं होतं, मी तर आपल्या धुळीत ३००० लाच काढतो आणि प्रत्येक वेळी जाळी पण धुतो. एवढ्या लवकर काढून फेकायचं तर फुल सिंथेटिकचे पैसे कशाला घालवायचे बाप्पा.

तेलमीठ:
झिंकबद्दल एक, कारण यावर दरवेळी अर्धवट बोललं जातं. २००४ मध्ये एपीआय या अमेरिकन संस्थेचं एसएम रेटिंग आलं, त्यात धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर वाचावा म्हणून फॉस्फरस ०.०८ टक्क्यांवर आणला, आणि जुन्या, कॅमशाफ्टवर घासत चालणाऱ्या फ्लॅट टॅपेटच्या गाड्यावाल्यांमध्ये बोंबाबोंब झाली की आमचे कॅमशाफ्ट आता खाणार. पण ती मर्यादा ५डब्ल्यू-३०, १०डब्ल्यू-३० अशा पातळ ग्रेडनाच आहे, २०डब्ल्यू-५० ला नाही. त्यामुळे चांगल्या कंपनीचं २०डब्ल्यू-५० घेतलं की वेगळी बाटली ओतायची गरज नाही. झिंक जितकं जास्त तितकं चांगलं असंही नसतं, ऑइलमधला बाकीचा मसाला त्याच्या हिशोबाने घातलेला असतो.

बुलेटचं ऑइल टाकलं तर इंजिन मरणार नाही. पण त्यावर जे जासो एमए लिहिलेलं असतं ते ऑइलमध्ये भिजणाऱ्या क्लचसाठी. तुमचा क्लच कोरडा आहे, मग त्याचे पैसे का द्यायचे.

फ्लॅटसिक्स_पुणे:
तो पुण्याचा मित्र मी नाही, आधीच सांगतो 😄 पण त्याचा घोळ कुठून आला ते कळलं. इंजिन चालू ठेवून, पूर्ण गरम करून लेव्हल बघायची ती पोर्शे ९११ ची पद्धत. त्यात ड्राय सम्प असतो, ऑइल वेगळ्या टाकीत राहतं, इंजिन बंद केलं की ते खाली उतरतं आणि पट्टी खोटं बोलते. घियात तसलं काही नाही. सपाट जागा, इंजिन बंद, पाच मिनिटं थांबा, मग बघा. चालू इंजिनात बघून कमी वाटलं म्हणून ओतलंत तर ओव्हरफिल होईल.

बाकी पोर्शेनेच स्वतः २०१५ मध्ये जुन्या एअर-कूल्ड गाड्यांसाठी दोन ऑइल काढली, २.७ लिटरपर्यंतच्या इंजिनांना २०डब्ल्यू-५० आणि ३ लिटर व त्यावरच्यांना १०डब्ल्यू-६०. म्हणजे जर्मनीच्या थंडीत बसून ते लोक २०डब्ल्यू-५० देतात, आणि आपण नागपुरात ५डब्ल्यू शोधतोय.

वऱ्हाडी_पिस्टन:
@घियावाला एक राहिलं. ऑइलच्या आधी हवा बघा. इंजिनाभोवतीचे पत्रे सगळे जागेवर आहेत का, कडेचं रबर आहे का, की मिस्त्रीने "याची गरज नसते" म्हणून काढून कोपऱ्यात टाकले? ते नसले की खालची गरम हवा परत पंख्यात ओढली जाते. तुमच्या मॉडेलमध्ये ऑइल कूलर पंख्याच्या डब्यात उभा असतो आणि तीन नंबरच्या सिलिंडरची हवा अडवतो, १९७१ पासून कंपनीने कूलरची जागा सरकवली ती याच दुखण्यामुळे. कूलरच्या जाळ्यांमध्ये धूळ, उंदराचं घर, काय वाट्टेल ते सापडतं. आणि जनरेटरचा लाल दिवा चालता चालता लागला तर घर जवळ आहे म्हणून रेटू नका, लगेच थांबा. पंखा आणि जनरेटर एकाच बेल्टवर आहे, बेल्ट गेला म्हणजे कूलिंग गेलं.

तेलमीठ:
थांबा थांबा, मूळ पोस्ट परत वाचली. लेव्हल वरच्या खुणेच्या वर? या गाड्या ऑइल गाळतात तरी नाहीतर जाळतात तरी, कोणाची लेव्हल वाढत नाही. पट्टी काढून वास घ्या. पेट्रोलचा वास आला तर मेकॅनिकल फ्युएल पंपचा डायफ्राम फाटलाय आणि पेट्रोल सरळ चेंबरमध्ये उतरतंय. ऑइल पातळ, प्रेशर कमी, दिवा लुकलुक, सगळं जुळतं. तो दिवा साधारण अर्ध्या बारच्याही खाली लागतो, म्हणजे लागला तर प्रेशर खरंच तळाला गेलेलं असतं, त्याला हलक्यात घेऊ नका. आता सगळीकडे ई२० पेट्रोल आहे, जुन्या पंपाचं रबर इथेनॉलपुढे टिकत नाही. तसं असेल तर ५० काय ६० नंबरचं टाकलं तरी महिन्याभरात पुन्हा तेच.

घियावाला:
आत्ताच पार्किंगमध्ये जाऊन आलो. वास काय, डोक्यात गेला! बोटावर चोळलं तर ऑइल वाटतच नाही, नुसतं पाणी. आईला पण वास घ्यायला लावला, ती म्हणाली रॉकेल आहे का हे.

म्हणजे इतके दिवस मी ग्रेडवर डोकं फोडून राहिलो आणि भानगड पंपाची. पत्रे पण बघितले, मागचा एक नाहीच, उद्या मिस्त्रीला विचारतो कुठे आहे तो.

तेलमीठ:
तोवर गाडी चालवू नका हं, स्टार्ट पण नको. पेट्रोल मिसळलेल्या ऑइलवर बेअरिंग जातात, आणि चेंबरमध्ये पेट्रोलची वाफ असते ते वेगळंच. आधी पंप, डायफ्राम किट घेताना इथेनॉल चालणारंच मागा, आणि टाकीपासूनचे रबरी पाइप पण त्याच वेळी बदला, मागचे पाइप फुटून गाड्या पेटल्या आहेत. मग ऑइल काढा, २०डब्ल्यू-५० भरा, आणि पाचशे किलोमीटरला ते पण काढून टाका, धुणं समजा. दुसऱ्यांदा भरलेलं खरं ऑइल. त्यानंतरही गरम आयडलला दिवा लागला तर गेज लावून प्रेशर मोजा, दर हजार आरपीएममागे दहा पीएसआय हा बीटलवाल्यांचा जुना हिशोब.

घियावाला:
ठरलं मग. पंप, पाइप, पत्रा, नंतर २०डब्ल्यू-५० मिनरल. जाळीचं पॅकिंग नागपुरात मिळेल का कोणाकडे? नाहीतर मागवावं लागेल.

वऱ्हाडी_पिस्टन:
बीटलचंच लागतं, मागवून घ्या, दोन सेट मागवा. तांब्याचे वायसर पण त्यातच येतात, ते जुने परत लावू नका. आणि मिस्त्रीला सांगा ते सहा छोटे नट हाताच्या अंदाजाने हळू आवळ, जोर लावला की स्टडचे आटे जातात आणि मग आयुष्यभर टपटप.