व्हिक्टोरियन लोक खरोखर फुलांतून बोलत होते का?

निशिगंध (धागाकर्ती):
व्हिक्टोरियन, म्हणजे व्हिक्टोरिया राणीच्या काळातले इंग्रज प्रेमिक गुच्छांतून गुपचूप निरोप धाडत असत, असे आपण वारंवार वाचतो. माझे मत असे की ही 'फुलांची भाषा' छापखान्यात जन्मली आणि बहुतांशी पुस्तकांतच राहिली. १८१९ साली पॅरिसमध्ये शार्लोत द ला तूर या टोपणनावाने निघालेले, फुलांचे अर्थ सांगणारे पुस्तक गाजले आणि पुढे इंग्लंडमध्येही असे कोश भेट देण्यासाठी खपू लागले. १८८४ सालचा केट ग्रीनवे यांच्या चित्रांचा कोश पाहा. त्यात लॅव्हेंडरचा अर्थ 'अविश्वास' असा दिला आहे. ज्या देशात चादरींच्या घड्यांमध्ये वाळवलेल्या लॅव्हेंडरच्या पुरचुंड्या ठेवण्याची रीत होती, तिथे त्या वासावरून यजमानाचा आपल्यावर भरवसा नाही, असे कोणत्या पाहुण्याने ताडले असेल?

वाटसरू:
आपण कोशाची चूक समाजाच्या माथी मारत आहात. मर्टलचे उदाहरण घ्या. हे झुडूप आपल्या पेरू-जांभळाच्या कुळातले आहे. फूलही तसेच, पांढऱ्या केसरांचा झुबका. १८४५ साली जर्मनीतील गोथा येथे प्रिन्स अल्बर्टच्या आजीने व्हिक्टोरिया राणीला दिलेल्या गुच्छात मर्टलची डहाळी होती. ती राणीच्या ऑस्बोर्न हाउस या निवासस्थानाच्या बागेत लावण्यात आली आणि १८५८ साली थोरल्या राजकन्येच्या विवाहात त्याच झुडपाची डहाळी वापरली गेली. ग्रीनवेंच्या कोशातही मर्टल म्हणजे 'प्रेम'च आहे.

निशिगंध:
मर्टल ग्रीक पुराणांपासून प्रेमदेवतेचे आहे आणि जर्मन वधू ते कोशांच्या आधीपासून माळत आल्या आहेत. कोशाने फक्त त्याची नोंद केली. उलट प्रिमरोज पाहा. एप्रिल १८८१ मध्ये ब्रिटनचे माजी पंतप्रधान डिझरायली वारले, तेव्हा राणीने त्यांच्या आवडीची म्हणून ही फिकट पिवळी फुले पाठवली. पुढे दर १९ एप्रिलला लोक ती कोटावर लावू लागले, १८८३ साली त्या नावाची राजकीय संघटनाही निघाली. त्याच सुमारास निघालेला कोश मात्र प्रिमरोज म्हणजे 'कोवळे तारुण्य' असेच सांगत राहिला! लोकांनी फुलाला दिलेला अर्थ कोशाच्या गावीही नव्हता.

मंजिरी:
म्हणजे लोक फुलांना अर्थ देत होते, हे आपणच सिद्ध केलेत. १८४० साली राणीने स्वतःच्या विवाहात संत्र्याच्या फुलांचा वेढा डोक्यावर धारण केला आणि त्यानंतर ती फुले म्हणजे वधू, हे समीकरण रूढ झाले. खरी फुले सर्वांना आणि बारमाही कुठून मिळणार? म्हणून वधू मेणाची फुले माळू लागल्या. मेणाच्या फुलाला ना दरवळ ना ताजेपणा. तरीही ते हवेच वाटते, याचा अर्थ केवळ खुणेसाठी ते माळले जात होते. याहून ठळक पुरावा कोणता हवा?

निशिगंध:
मेणाच्या फुलांचा मुद्दा मला पूर्णपणे मान्य आहे आणि तो माझ्या लक्षात आला नव्हता. परंतु ती खूण चारचौघांत, चर्चमध्ये, सगळ्यांना कळावी म्हणून मिरवली जात होती. माझा आक्षेप त्या दुसऱ्या कथेला आहे, ज्यात एक तरुणी पिवळा गुलाब पाहून कोशाचे पान उलटते आणि 'प्रेम ओसरले' असे वाचून मनातल्या मनात रडते.