घरकुलाच्या यादीत नाव आलं, पण घर हेमाडपंती मंदिरापासून १०० मीटरच्या आत: पाडावं का?

जुनी_पेठ:
नमस्कार मंडळी. आमच्या नगरपंचायतीच्या सर्वसाधारण सभेत प्रधानमंत्री आवास योजनेची (शहरी) यादी मंजूर झाली. जुन्या पेठेतली बरीच नावं त्यात आहेत. पेठेच्या मधोमध हेमाडपंती मंदिर आहे आणि दाराशी पुरातत्त्व खात्याचा निळा फलक. यादीतली काही घरं आवारभिंतीपासून ४०-५० मीटरवरच येतात. मातीच्या भिंती, सागाचे खांब, वर कवेलू (कौलं). पहिला हप्ता पाहिजे असेल तर जुनं घर पाडून मोकळ्या जागेचा फोटो द्या, असं लाभार्थ्यांना सांगणं सुरू आहे. त्याच सभेत मंदिराला लागून सिमेंट रस्ता आणि नालीचाही ठराव झाला. ठराव झाला म्हणजे परवानगी झाली का? पावसाळा लागायच्या आत घर मोकळं करावं का?

नकाशा_आधी:
भाऊ, घर पाडू नका. पेठेतल्या बाकी लोकांनाही आजच सांगा.

निळा फलक आहे म्हणजे स्मारक बहुतेक केंद्र संरक्षित आहे. लोणारचं दैत्यसूदन मंदिर असंच भर वस्तीत आहे, तिथंही हाच कायदा: प्राचीन स्मारके व पुरातत्त्वीय स्थळे व अवशेष अधिनियम १९५८, आणि त्यातली २०१० ची दुरुस्ती. संरक्षित हद्दीपासून १०० मीटर प्रतिबंधित क्षेत्र, त्यापुढचे २०० मीटर विनियमित क्षेत्र, म्हणजे जिथं परवानगी घेऊनच बांधता येतं. अंतर मंदिराच्या गाभाऱ्यापासून नाही, तर संरक्षित हद्दीच्या कडेपासून मोजतात. ती हद्द कधी आवारभिंतीच्याही बाहेर असते. म्हणून टेप घेऊन भिंतीपासून मोजलेलं अंतर धरू नका. स्मारकाची अधिसूचना आणि हद्दीचा नकाशा पुरातत्त्वच्या सर्कल कार्यालयातून माहितीच्या अधिकारात मागा. स्मारक राज्य संरक्षित निघालं तर १९६० चा राज्याचा कायदा आणि राज्य संचालनालय, तो रस्ता वेगळा.

प्रतिबंधित क्षेत्रात नवं बांधकाम नाही. कलम २०अ मध्ये सार्वजनिक कामालाही सूट ठेवलेली नाही, त्यामुळे नगरपंचायतीच्या ठरावानं ही परवानगी मिळत नाही. कलम २०क प्रमाणे जे घर १६ जून १९९२ च्या आधीपासून उभं आहे, त्याच्या मालकाला दुरुस्ती आणि नूतनीकरणासाठी अर्ज करता येतो. म्हणजे तुमचा सगळा हक्क त्या उभ्या घरावर टेकलेला आहे. घर पाडलं की दुरुस्त करायला काही उरत नाही, आणि मोकळ्या जागेवर १०० मीटरच्या आत नवं घर मिळत नाही. मग योजनेचा हप्ताही अडकतो आणि माणूस भाड्याच्या खोलीत राहतो. विनापरवाना बांधलं तर २ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

१९९२ च्या आधीचा पुरावा म्हणून ग्रामपंचायत असतानाचा नमुना ८ चा उतारा सगळ्यात कामाचा. त्यात घराचं वर्णन, भिंत, छप्पर असं लिहिलेलं असतं. जोडीला जुन्या कराच्या पावत्या, वीज जोडणीचा कागद आणि सिटी सर्व्हे झाला असेल तर मिळकत पत्रिका. नगरपंचायत झाल्यावर जुनी रजिस्टरं गठ्ठ्यात पडून असतात, नक्कल आत्ताच काढून ठेवा.

अर्ज ऑनलाइन, सक्षम प्राधिकाऱ्याकडे. प्लॉटचे अक्षांश-रेखांश, चारही बाजूंचे फोटो, आहे त्या घराचा आणि करायच्या कामाचा नकाशा लागतो. कायद्यातली मुदत अशी: प्राधिकाऱ्यानं १५ दिवसांत अर्ज राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाकडे पाठवायचा, प्राधिकरणानं २ महिन्यांत शिफारस द्यायची, त्यानंतर १ महिन्यात निर्णय. म्हणजे साडेतीन महिने धरून चाला. अर्ज बहुतेक वेळा परत येतो तो दोन कारणांनी: हद्दीपासूनचं अंतर चुकीचं लिहिलेलं असतं, नाहीतर दुरुस्तीच्या नकाशात एखादी खोली वाढवलेली असते. वाढीव खोली किंवा वरचा मजला कायद्यात बांधकामच धरला जातो.

पांढरी_माती:
वरच्या उत्तरात एक जोड. घरकुल म्हटलं की लोकांच्या डोक्यात स्लॅब असतो. चार इंच स्लॅबचं वजन चौरस मीटरला सुमारे २५० किलो. ३० चौरस मीटरवर साडेसात टन. मातीच्या भिंतीवर हे टाकायचं नसतंच, परवानगी असो नसो. कवेलूचं छप्पर त्याच्या निम्म्याहूनही हलकं, भिंत त्याच हिशोबानं उभी केलेली असते.

दुरुस्ती मंजूर झाली की सिमेंट प्लास्टर मात्र मारू नका. जमिनीतला ओलावा मातीच्या भिंतीतून वर चढतो आणि बाहेर पडून वाळतो. सिमेंटनं ती वाट बंद केली की ओल आतच राहते, लोणा (भिंतीला फुटणारा खार) वर वर सरकतो, दोन-तीन पावसाळ्यांत प्लास्टरचे पापुद्रे मातीसकट खाली येतात. चुना १ भाग, वाळू ३ भाग. चुना किमान १५ दिवस पाण्यात विरवून मगच वापरा. कच्चा राहिलेला खडा भिंतीत फुगतो आणि फोड येतात. जोत्याजवळचा दीड-दोन फुटांचा पट्टा आधी खरवडून मातीचे सैल भाग काढा. खांबाचं जमिनीतलं टोक ठोकून पाहा, भदभद आवाज आला तर उधई आत आहे. तेवढाच तुकडा कापून खाली दगडी तळखडा (बैठकीचा दगड) द्या, अख्खा खांब बदलायची गरज नसते. कवेलू उतरवून पुन्हा रचताना फुटके वेगळे काढा, छपराची उंची आणि उतार जुनाच ठेवा. नाहीतर अर्जातला नकाशा आणि प्रत्यक्ष काम जुळत नाही.

ओव्हरसियर_बुलडाणा:
रस्ता आणि नालीचं सांगतो. नाली, सार्वजनिक पाणीपुरवठा, सार्वजनिक शौचालय आणि वीजपुरवठा ही कामं कायद्यातल्या बांधकामाच्या व्याख्येतून वगळलेली आहेत. म्हणून नाली होऊ शकते. पण स्मारकाच्या संरक्षित हद्दीच्या आत खोदायचं तर परवानगी वेगळी, आणि बाहेर असलं तरी पुरातत्त्वच्या स्थानिक कार्यालयाला पत्र देऊनच कुदळ मारा. मंदिराच्या पायाजवळ जेसीबी नको, हातानं खोदा. जुनं जोतं, पायऱ्या, तुटक्या मूर्ती अशाच ठिकाणी निघतात.

खरी अडचण रस्त्याच्या उंचीची. आधीचा रस्ता न उखडता त्यावरच १०० मिमी पीसीसी (खालचा साध्या काँक्रीटचा थर) आणि १५० मिमी काँक्रीट टाकलं की एका कामात १० इंच वाढतात. असं दोनदा झालं की घराचं जोतं रस्त्याच्या खाली जातं आणि पावसाचं पाणी ओट्यावरून घरात, मंदिराच्या आवारातही. मातीची घरं पेठेत पडतात त्यातली कितीतरी या पाण्यानं पडतात. नंतर त्यांनाच धोकादायक म्हणून नोटीस निघते, ही गोष्ट मला मान्य नाही. अंदाजपत्रकात जुना थर उखडण्याची बाब आहे का ते पाहा. नसेल तर काम सुरू होण्याआधी मुख्याधिकाऱ्यांना लेखी द्या: तयार रस्त्याची पातळी आजच्या पातळीपेक्षा वर नको, नालीची वरची कड रस्त्याखाली, आणि उतार मंदिरापासून दूर. पोच घ्या. ऐकलं नाही तर महाराष्ट्र नगरपरिषद अधिनियम १९६५ च्या कलम ३०८ खाली ठरावाची अंमलबजावणी थांबवायचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांना आहे.

जुनी_पेठ:
सगळ्यांचे आभार. मग ज्यांना दुरुस्तीत भागत नाही, त्यांचे अडीच लाख गेलेच का? या योजनेत केंद्राचे दीड आणि राज्याचा एक, एवढंच तर मिळतं.

नकाशा_आधी:
नुसत्या दुरुस्तीला योजनेचे पैसे मिळत नाहीत, हे खरं. पण लाभार्थ्याच्या नावावर नगरपंचायत हद्दीतच १०० मीटरच्या बाहेर दुसरा प्लॉट असेल तर घरकुल तिथं घेता येतं का, हे घरकुल कक्षातल्या अभियंत्याला लेखी विचारा. ते पहिला फोटो अपलोड व्हायच्या आधी करा, कारण त्या फोटोबरोबर जागेचं ठिकाण नोंदलं जातं आणि पुढचे हप्ते त्याच ठिकाणच्या फोटोंवर निघतात. नवा प्लॉट १०० ते ३०० मीटरच्या पट्ट्यात आला तर ना-हरकत लागेलच, पण तिथं बांधकाम मंजूर होऊ शकतं. पुढच्या सभेआधी नगरसेवकांना एवढंच मागा: पेठेतल्या प्रत्येक लाभार्थ्याच्या नावापुढे १०० मीटरच्या आत, ३०० च्या आत की बाहेर हा एक रकाना यादीत घाला, आणि आत असलेल्यांना घर पाडायला सांगू नका, असा दुरुस्तीचा ठराव करा.